काटा घशात, दुखणं मानेत

माझी मान आखडली तेव्हा सगळ्यांनी उशीवर खापर फोडलं. पण उशीने ताप येत नाही. शिवाय पडून राहिलं तरी आराम नव्हता, उलट रात्री जास्तच ठणकायचं. एक्स-रे नॉर्मल आला, पेनकिलर सुरू झाल्या.

रक्तात सीआरपी आणि ईएसआर (शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असेल तर वाढणारे आकडे) दोन्ही वाढलेले दिसल्यावर नव्या डॉक्टरांनी विचारलं, ‘मध्यंतरी घशात काही अडकलं होतं का?’ अडकला होता, माशाचा काटा. टोचला, मग आपोआप बरं वाटलं आणि विषय संपला. मानेचे मणके घशाच्या आणि अन्ननलिकेच्या अगदी पाठीमागे असतात. टोकदार वस्तू घशाची मागची भिंत भेदून गेली, तर तोंडातले जंतू थेट तिथे पोचतात. एमआरआयमध्ये दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती, तिन्हींना इन्फेक्शन दिसलं. सीटी आणि घशाची दुर्बीण दोन्ही झालं. काटा नव्हताच, मागच्या भिंतीवर एवढीशी लाल खूण होती.

मला वाटलं, आता लगेच अँटिबायोटिक. पण आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं, मग सुईने चकतीतला नमुना. औषध आधी गेलं तर जंतू कल्चरमध्ये बऱ्याचदा वाढत नाही आणि मग अंदाजाने उपचार करावे लागतात. स्ट्रेप्टोकोकस निघाला. मज्जारज्जूवर दाब नव्हता, म्हणून ऑपरेशन टळलं. तरी पुढे दाब येत नाही ना हे पाहायला रोज सकाळी डॉक्टर स्वतःची दोन बोटं माझ्या मुठीत देऊन ‘दाबा’ म्हणायचे, चवड्यांवर उभं करायचे, लघवी नीट होते का विचारायचे.

६ आठवडे शिरेतून औषध. दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत बारीक नळी घातलेली, त्यामुळे आंघोळीला हात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. नळीपेक्षा मानेला लावलेल्या कॉलरचा वैताग जास्त: हनुवटी सोलवटते आणि जिना उतरताना पुढची पायरीच दिसत नाही.

सीआरपी भराभर उतरला, ईएसआर रेंगाळला. मधल्या एमआरआयमध्ये फारसा फरक नाही म्हणून मी हबकलो. डॉक्टर म्हणाले, ‘एमआरआयचं चित्र मागाहून सुधारतं, तुमचं दुखणं किती कमी झालं ते सांगा.’ चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, म्हणून औषधही तिथे सावकाश पोचतं.

आता गोळ्या चालू आहेत. मान पूर्वीइतकी वळत नाही, कारण ते दोन मणके एकमेकांना जुळत चाललेत. फाइलवर लाल पेनाने लिहून दिलंय: ताप, हातापायांत कमजोरी किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंट न घेता थेट इमर्जन्सीत.