तिथे तुझं कोण आहे?

ठाण्यात गोखले रोडवर भेटलात तरी हाच प्रश्न, कुणाच्या मुंजीत पंगतीला शेजारी बसलात तरी हाच. ‘हल्ली रत्नागिरीला असतेस ना? बाई गं! तिथे तुझं कोण आहे?’ उत्तर माझ्या तोंडी तयार असतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डर महिना 32,000 भाडं देतो, रत्नागिरीत मारुती मंदिरपासून चालत जाण्याजोग्या दोन खोल्या 11,000 ला मिळाल्या, उरलेले बँकेत. सीए बाईचा हिशोब म्हणून तो सगळ्यांना पटतो. ‘हुशार आहेस’ म्हणता आणि जिलबी मागून घेता.

हिशोब खोटा नाही. पण नौपाड्यातल्या त्याच बिल्डिंगमधून उठलेली बाकीची सतरा बिऱ्हाडं घोडबंदरला, कळव्याला, फार तर डोंबिवलीला गेली. 32,000 त्यांनाही मिळतात. रत्नागिरी कुणाला आठवली नाही. मलाही आठवायचं कारण नव्हतं. आमचं कोकणात कोणी नाही, आजोबा वाईचे.

मी गप्प राहिले की तुम्हीच माझ्या वतीने उत्तर देता. शांतता, समुद्र, ताजी मासळी. मी मासे खात नाही. शांतता म्हणाल तर संध्याकाळी मारुती मंदिरच्या चौकात रस्ता ओलांडून दाखवा. आणि समुद्र? भाट्याच्या किनाऱ्यावर शेवटची गेले त्याला महिना झाला, तेही पुण्याहून भाऊ आला होता म्हणून. महिन्याची 11 आणि 20 या जीएसटी रिटर्न भरायच्या तारखा समुद्राकाठीही त्याच दिवशी येतात. जुलैत पाऊस असा कोसळतो की 19 तारखेला वीज गेली की मी लॅपटॉपची बॅटरी आणि दिवसाला 50 रुपये लेट फी यांची मनातल्या मनात तुलना करत बसते. अशीलं ठाण्याचीच आहेत. त्यांना मी अजून नौपाड्यातच आहे असं वाटतं, आणि मी ते दुरुस्त करत नाही.

थिबा राजाचं उदाहरण एका जावयाने मला ऐकवलं होतं. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा बांधून व्हायला 1910 उजाडलं, आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. ‘तिथे लोकांना शिक्षा म्हणून पाठवायचे, मावशी!’ पंगत हसली. मीही हसले. घरी येऊन मात्र राग आला, आणि राग आला म्हणून हे लिहायला घेतलं.

तर खरी गोष्ट. ऑगस्ट 2022. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. रात्री दोनच्या सुमाराला पोटात उजवीकडे कळ सुरू झाली, पाठीतून खांद्यापर्यंत. पित्ताशयात खडे आहेत हे माहीत होतं, ऑपरेशन मी ऑडिट संपल्यावर करणार होते. कपडे बदलले, आधार कार्ड आणि विम्याचं कार्ड घेतलं, खाली उतरून रिक्षा पकडली. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, त्यांचं काही फार चुकलं असंही नाही.

काउंटरवर पंचविशीतला मुलगा होता.

‘सोबत कोण आहे?’

‘कोणी नाही.’

‘मागून येतायत?’

‘नाही.’

‘मग फॉर्मवर सही कोण करणार?’

‘मी.’

‘मॅडम, तुम्ही पेशंट आहात.’

त्याच आठवड्यात माझ्या सहीवर एका कारखान्याचं कर्ज मंजूर झालं होतं. हातभर आकडे असलेल्या ताळेबंदाखाली माझं नाव आणि मेंबरशिप नंबर आला की बँक पुढचं विचारत नाही. इथे फॉर्मवर एक रकाना होता, ‘रुग्णाशी नाते’, आणि तो मला भरता येत नव्हता. सज्ञान माणसाची स्वतःची संमती कायद्याला पुरते हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण कमरेत वाकून, टेबलाची कड धरून सांगितलेला कायदा कायद्यासारखा ऐकू येत नाही.

त्यांनी इंजेक्शन दिलं, कॅज्युअल्टीत कॉट दिली, आणि ‘सकाळी बघू’ म्हणाले. पुण्याला भावाला फोन केला तेव्हा 2:40 झाले होते. त्याने तिसऱ्यांदा उचलला. तो सहा वाजून दहा मिनिटांनी पोचला, उजव्या पायात एक चप्पल आणि डाव्या पायात दुसरी. मधले साडेतीन तास मी छताचा पंखा पाहत होते. शेजारच्या कॉटवर एक म्हातारी होती आणि तिच्याभोवती आठ माणसं. त्यातल्या एका गृहस्थांनी मला पाण्याची बाटली दिली आणि अगदी मायेने विचारलं, ‘तुमचं कोण आलंय?’

तुमचा तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो पहाटे चार वाजता, अठरा लाखांवर वस्तीच्या शहरात, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. त्यामुळे लग्नाकार्यात तो ऐकला की माझा चेहरा का बदलतो ते आता कळेल.

इथवरचं मी काही जणांना सांगितलं आहे. भावाची चप्पल सांगितली की लोक हसतात आणि विषय सुटतो. पुढचं कोणाला सांगितलेलं नाही.

रिक्षा पकडण्याआधी मी समोरच्या काकूंच्या दाराशी उभी होते. चौतीस वर्षं आमची दारं समोरासमोर. आई आणि काकू नागपंचमीला बिरड्या सोलायला एकत्र बसायच्या. मी बेलच्या बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. काकांची बायपास होऊन दोन महिने झाले होते, त्यांची झोप मोडायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. तेच नंतर काकूंनाही सांगितलं. पण काका गोळी घेऊन झोपायचे, त्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी उठले नसते, हे मला माहीत होतं. आणि दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. काकू जाग्या होत्या.

ऑपरेशन झालं, घरी आले. काकू दारातच म्हणाल्या, ‘मी काय मेले होते का गं?’ मग आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण रोज साडेबाराला कामवाल्या बाईंच्या हातून बिनतुपाचा मऊ भात यायचा.

जानेवारी 2023 मध्ये बिल्डिंग रिकामी करायची वेळ आली तेव्हा मी मनाशी एक सिद्धांत पक्का केला होता: मोठ्या शहरात माणसाला माणूस नसतो, लहान गावात लोक न विचारता येतात. त्या सिद्धांतावर जनशताब्दीचं तिकीट काढलं. ज्या बाईने चालू उजेडाच्या दारावरची बेल वाजवली नाही, तिने शहराला दोष द्यावा! आज ती समोर आली तर तिची मी फेरतपासणी करीन. पण ती खोटं बोलत नव्हती हेही म्हणेन. तिला खरंच तसं वाटत होतं.

रत्नागिरीत लोक न विचारता येतात हे खरं निघालं. मालकीण काकी तिसऱ्या दिवशी आत येऊन बसल्या, चहा घेताघेता वय, पगार आणि ‘लग्नाचं काय झालं’ एवढं पार पाडलं. ‘काय गो, काल दिवा लवकर गेला तो?’ हे खिडकीतून. मला याचा संताप येतो. पहिल्या वर्षी तर दोनदा सामान बांधलं होतं.

आणि 2024 च्या जुलैत ताप आला. काकींनी पेज आणली, दार वाजवलं, हाक मारली, पुन्हा वाजवलं. मी आत कॉटवर डोळे मिटून पडले होते, पूर्ण जागी. उघडलं नाही. त्या पायरीवर वाडगा झाकून ठेवून गेल्या. मुंग्या लागायच्या आत मी तो घेतला आणि पेज गार खाल्ली.

म्हणजे ठाण्याचा काही दोष नव्हता, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मला ते अजून म्हणवत नाही. कारण दुसऱ्या दिवशी काकी पुन्हा आल्या, कालचा विषय न काढता वाडगा मागितला, आणि त्या निमित्ताने आत आल्या. ठाण्यात एकदा दार उघडलं नाही की लोक समजूतदारपणे दूर राहतात. हे लिहिलं आणि बिनतुपाचा भात आठवला. ठीक आहे, मुद्दा पडला. खोडत नाही, असू दे.

हॉस्पिटलं ठाण्यातलीच बरी म्हणाल तर तुमचंच बरोबर. अवघड केस झाली की इथली माणसं आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात. पुढच्या वर्षी मी पन्नाशीची होईन, आणि पावसातला तो घाट मला दिसतो. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता नवी बिल्डिंग उभी राहिली आहे. ताब्याला सहा महिने, असं बिल्डर म्हणतो. बिल्डरचे सहा महिने म्हणजे किती ते ठाणेकरांना सांगायला नको. सोसायटीने फ्लॅटची पसंती मागवली आहे. परवा काकूंचा फोन आला. काका आता नाहीत.

‘आपली दोघींची समोरासमोरच मागून घेते हो. की तुला नको आहे?’

‘20 तारीख झाली की सांगते, काकू.’

आज 23 आहे.