गच्चीवरचा सेन्सर, कूलरची खोली आणि पोस्टग्रेस: नेटवर्क जोडणीची नोंद

नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत हे काम मार्गी लावायचं होतं, ते लागलं. गच्चीवरचा आणि कूलरच्या खोलीतला, असे दोन्ही सेन्सर आता एकाच डेटाबेसात नोंदी टाकतात आणि मी खालच्या मजल्यावर लॅपटॉपवर त्या वाचतो. आधी प्रत्येकाची नोंद त्याच्या त्याच्या मेमरी कार्डावर साठायची. बाहेरची हवा किती कोरडी आहे आणि कूलर तापमान किती उतरवतो, हे एकाच वेळेच्या पट्टीवर बघायचं तर दोन्ही नोंदी एका जागी हव्यातच. मृग लागला की तोच कूलर नुसता घाम काढतो, हे नागपुरात कुणाला सांगायला नको; मला तो बदल आकड्यांत बघायचा आहे.

सर्व्हर म्हणजे राउटरला केबलने जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस. सेन्सर बीएमई-२८० जातीचे (तापमान आणि दमटपणा मोजणारे), प्रत्येकाला एकेक पाय झीरो, म्हणजे त्याच संगणकाचा धाकटा भाऊ, आणि त्यावर पायथनचा छोटासा प्रोग्रॅम.

नवं पोस्टग्रेस बसवलं की ते फक्त स्वतःच्या मशीनवरच्या हाका ऐकतं. कोणत्या पत्त्यांवर ऐकायचं ते ठरवणाऱ्या 'लिसन ॲड्रेसेस' या सेटिंगची मूळ किंमत 'लोकलहोस्ट', म्हणजे हेच मशीन, अशी असते. सर्व्हरवर कोण कुठे ऐकतंय ते दाखवणारी 'एसएस' कमांड चालवली की १२७.०.०.१ आणि त्यापुढे पोर्ट (पोस्टग्रेसच्या दाराचा क्रमांक) ५४३२ असं दिसतं. मला ही सावध सुरुवात फार आवडते. दार आपण उघडेपर्यंत बंद, आणि किती उघडायचं तेही आपण ठरवायचं.

ते उघडताना कोणता अडथळा कुठे आहे हे एररच्या संदेशावरूनच कळतं, म्हणून संदेश शेवटपर्यंत वाचा राजेहो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर आपलं पाकीट (पॅकेट) मशीनपर्यंत पोचलं, पण त्या पत्त्यावर त्या पोर्टला ऐकणारं कुणी नाही: बघा 'लिसन ॲड्रेसेस'. बराच वेळ काहीच न होता शेवटी 'टाइमआउट' आलं तर बहुतेक वेळा फायरवॉल पाकीट गुपचूप टाकून देतोय. यूएफडब्ल्यू हा माझ्या सर्व्हरवरचा फायरवॉल मुळात असंच वागतो. 'नो पीजी-एचबीए एंट्री' आलं तर आनंद माना, कारण तुम्ही पोस्टग्रेसशी बोलताय. फक्त पीजी-एचबीए, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, तुमच्यासाठी नियम लिहिलेला नाही. पासवर्ड नाकारला तर नियम सापडलाय, पण ओळख पटली नाही. या शेवटच्या प्रकारात क्लायंटकडे (जोडणी मागणाऱ्याकडे) मुद्दाम मोघम उत्तर येतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) असतं: असा रोलच (डेटाबेसचा वापरकर्ता) नाही, की पासवर्ड चुकला, आणि एचबीए फाइलची कितवी ओळ लागू पडली, तेसुद्धा आकड्यासकट. ती ओळ मिळाली की अंदाजपंचे दाहोदरसे करत बसावं लागत नाही.

खरा रस आहे तो या पीजी-एचबीए फाइलमध्येच. प्रत्येक ओळीत जोडणीचा प्रकार, डेटाबेस, रोल, पत्ता आणि ओळख पटवायची पद्धत. पोस्टग्रेस वरून खाली वाचत जातं आणि जी पहिली ओळ जुळेल तीच धरतं. त्या ओळीवर पासवर्ड चुकला तर खालच्या ओळीकडे ते वळत नाही, आणि एकही जुळली नाही तर प्रवेश नाही. म्हणून नेमके नियम वर, ऐसपैस नियम खाली. माझ्या फाइलमध्ये गच्चीवरच्या पाय झीरोसाठी अशी ओळ आहे:

होस्ट  हवामान  नोंदक  १९२.१६८.१.४२/३२  स्क्रॅम-शा-२५६

बत्तीस म्हणजे तो एकच पत्ता. तिथे चोवीस लिहिलं असतं तर १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे २५६ पत्ते आत आले असते, पाहुण्यांचे मोबाइलही. अर्थात एकच पत्ता लिहायचा तर तो बदलता कामा नये, म्हणून राउटरमध्ये प्रत्येक पायसाठी पत्ता राखून ठेवलाय.

पद्धतीच्या जागी 'ट्रस्ट' लिहून 'आधी चालू तर होऊ दे' म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. ट्रस्ट म्हणजे पासवर्ड न विचारता, जो नाव सांगेल त्याला त्या नावाने आत. स्क्रॅम, म्हणजे पासवर्ड उघडा न पाठवता तो तपासायची पद्धत, पोस्टग्रेस १० पासून आहे आणि १४ पासून नवे पासवर्ड मुळातच त्या पद्धतीने साठतात. त्यासाठी वेगळे कष्ट नाहीत.

ही फाइल बदलल्यावर सर्व्हर बंद करून सुरू करायची गरज नसते, रीलोड, म्हणजे फाइल पुन्हा वाचायला सांगणं, पुरतं. पण रीलोडच्या आधी 'पीजी-एचबीए-फाइल-रूल्स' हा व्ह्यू (पोस्टग्रेसमधला तयार तक्ता) बघायची सवय लावा. डिस्कवरची फाइल आत्ता कशी वाचली जाईल ते तो दाखवतो, चूक असेल तर ओळ क्रमांकासकट. चुकीची फाइल रीलोड केली तर पोस्टग्रेस जुनेच नियम धरून चालत राहतं आणि वरवर सगळं ठीक दिसतं. पुढच्या रीस्टार्टला मात्र ते उठतच नाही. 'लिसन ॲड्रेसेस'ला मात्र रीस्टार्टच लागतो.

उन्हाळ्यात एक वेगळंच प्रकरण दिसलं. वीज जाऊन आली की कधी कधी सेन्सरच्या नोंदी थांबायच्या आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' यायचं, सर्व्हर तर चालू. लॉगमध्ये उत्तर होतं. 'लिसन ॲड्रेसेस'मध्ये लोकलहोस्ट आणि सर्व्हरचा नेमका पत्ता असे दोन होते. वीज आली की पाय पटकन उठतो, राउटर सावकाश. पोस्टग्रेस सुरू होताना मशीनला तो पत्ता मिळालेलाच नसतो, म्हणून ते इशारा लिहून पुढे जातं आणि एकट्या लोकलहोस्टवर ऐकत बसतं. निदान एक पत्ता मिळाला की त्याला तेवढं चालतं. सिस्टमडीला (मशीन उठताना सगळे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्याला) 'नेटवर्क ऑनलाइन होईपर्यंत थांब' असं सांगता येतं, पण त्या थांबण्यालाही मर्यादा असते आणि राउटर त्याहून आळशी निघू शकतो. मी तिथे तारा-चिन्ह, म्हणजे सगळे पत्ते, असं ठेवलं. मग पत्ता उशिरा मिळाला तरी जोडणी लागते. आत कोण येणार ते एचबीए आणि यूएफडब्ल्यू ठरवतात. यूएफडब्ल्यूमध्ये ५४३२ घरच्या नेटवर्कपुरतंच उघडं आहे. राउटरवरून हे पोर्ट बाहेर इंटरनेटवर मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही.

रोल दोन. 'नोंदक'ला फक्त इन्सर्ट (नोंद घालणं), 'वाचक'ला फक्त सिलेक्ट (नोंद वाचणं). क्रमांकाचा स्तंभ आयडेंटिटी (आपोआप क्रमांक देणाऱ्या) प्रकारचा केला की सीक्वेन्सची, म्हणजे ते क्रमांक पुरवणाऱ्या गणकाची, वेगळी परवानगी द्यावी लागत नाही. लॅपटॉपवर पासवर्ड पीजीपास फाइलमध्ये आहे. तिची परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) पेक्षा सैल असेल तर क्लायंट ती वापरतच नाही.

पुढचं काम: एचबीए फाइलमध्ये 'होस्ट'च्या जागी 'होस्टएसएसएल', म्हणजे फक्त एन्क्रिप्ट केलेली जोडणी. डेबियनच्या तयार प्रमाणपत्रामुळे एन्क्रिप्शन आत्ताही होतंय, पण समोरचा सर्व्हर आपलाच आहे याची खात्री क्लायंट करत नाही. त्यासाठी घरचं प्रमाणपत्र बनवून क्लायंटला ही खात्री करायला लावणारं 'व्हेरिफाय-फुल' सेटिंग लावायचं आहे. पाय झीरोवर कुणी हे केलं असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपताना नूतनीकरण कसं करता ते कळवा. गच्चीवरच्या डब्यातला पाय वर्षाकाठी उघडावा लागू नये, एवढीच माझी अट आहे.