‘कशावरून?’ : सतरा नंबरचा फॉर्म आणि माझा मराठीचा पेपर

सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरून मी दहावी दिली. आठवीनंतर शाळा सुटली, मग लग्न, मुलं आणि युनिफॉर्म शिवायचं काम. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांसारखं आमच्याही घरात तेलुगूच. मराठीच्या पेपरची धास्ती होती, त्यातही स्वमताची, म्हणजे उताऱ्यावर आपलं मत लिहायच्या प्रश्नाची. उताऱ्यावरच्या चौकटी, आकृतिबंध जमतात, कारण उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. स्वमताला ३ गुण, आणि तिथे नुसतं शोधून भागत नाही.

गल्लीतल्या निवृत्त बाई आम्हा बायकांना संध्याकाळी शिकवायच्या. त्यांनी गाईड मिटायला लावलं आणि फळ्यावर लिहिलं : ‘आजीने पत्र उलटसुलट करून पाहिले, पोस्टमनच्या हातात परत दिले आणि त्याच्यासमोर उंबऱ्यावर बसली.’ आजीबद्दल काय कळतं? एकजण म्हणाली, तिला वाचता येत नाही.

“कशावरून?”

उलटसुलट पाहिलं, परत दिलं, ऐकायला समोर बसली. सगळं वाक्यातच सापडलं. दुसरी म्हणाली, आजी गरीब आहे. पुन्हा “कशावरून?” आता मात्र कुणालाच एकही शब्द दाखवता येईना. असेलही गरीब, पण हे वाक्य तसं सांगत नाही. “तुमचं मत हवंच आहे गं,” बाई म्हणाल्या, “पण ते उताऱ्यात पाय रोवून उभं पाहिजे.”

तेव्हापासून उतारा आधी सरळ वाचायचा, मग पेन्सिल घेऊन. मत एका वाक्यात, त्याखाली उताऱ्यातला तपशील, आणि त्या तपशिलातून ते मत कसं निघतं हे आपल्या शब्दांत. खरी मेहनत या शेवटच्या भागाची. तपशील उतरवून थांबलं तर ती नुसती नक्कल होते.

मला हे पक्कं कळलं ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरच्या उताऱ्यात. आपल्या सोलापूरचेच, जन्म १९१०चा. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. सोबतचे काहीजण कोटणीसांच्या हयातीतच भारतात परतले. ते मात्र राहिले, चिनी भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. ‘ते धाडसी होते’ हे कुणीही लिहील. मी सोबत्यांच्या परतण्याखाली रेघ मारली. इतरांना परत येता आलं, म्हणजे वाट बंद नव्हती. तरी ते थांबले, म्हणजे थांबणं ही त्यांची निवड होती. भाषा आणि लग्न यांवरून दिसतं की ते पाहुण्यासारखे राहिले नाहीत. एवढंच लिहिलं. बाईंनी वही सगळ्यांना वाचून दाखवली, आणि आपल्या गावच्या माणसाबद्दल स्वतःच्या डोक्यानं काहीतरी लिहिता आलं याचा मला फार आनंद झाला.

परीक्षेत अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरचा, उतारा आला तेव्हा हात थरथरला नाही. पेन्सिल काढली, खुणा केल्या, लिहायला घेतलं. मराठीत पास झाले.

ज्या बायका यंदा फॉर्म भरणार आहेत त्यांनी जुन्या कृतिपत्रिकांतले (प्रश्नपत्रिकांतले) उतारे याच पद्धतीनं सोडवावेत. कवितेच्या रसग्रहणाला आशय, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं वेगवेगळी लिहावी लागतात, त्याचा सराव निराळा करा. पण तिथेही ‘कविता सुंदर आहे’ लिहिलंत, तर कोणत्या ओळीमुळे, हे लगेच पुढच्या वाक्यात आलं पाहिजे.