फरशीवर ठेवलेली फरशी

मराठीत फरशीवर फरशी ठेवता येते. खालची पायाखालची, वरची हातात धरायची. नाव एकच, पण दोघींची सोयरीक नाही. पायाखालची आली अरबी-फारसीतल्या ‘फर्श’वरून, फर्श म्हणजे अंथरलेलं. हातातली, म्हणजे रुंद पात्याची कुऱ्हाड, ही संस्कृत ‘परशु’ची लेक. पनसाचा फणस झाला, तशीच परशूची फरशी झाली.

परशूचा थाट काय विचारता! गणपतीच्या हातात तो, परशुरामाच्या तर नावातच. केरळातल्या कथेत परशुरामाने परशु फेकला आणि समुद्र मागे हटवला. आपल्या कोकणात मात्र त्याने बाण मारला असं सांगतात. नाव परशूचं आणि काम बाणाचं!

कुऱ्हाडीचं कूळही काही कमी नाही. मूळ शब्द ‘कुठार’. प्राकृतात त्याचा ‘कुहाड’ झाला: ‘ठ’मधला ‘ह’ तेवढा जागेवर राहिला आणि त्याचा कडकपणा पुढच्या ‘र’ला चिकटून त्याचा ‘ड’ झाला. गुजरातीने ‘कुहाडी’ तशीच ठेवली, हिंदीने मध्ये ‘ल’ घालून ‘कुल्हाडी’ केली. आपण घातला ‘ऱ्ह’. हा ‘ऱ्ह’ म्हणजे मराठीची खास खोड. वऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, चऱ्हाट... जिभेला जरा झटका दिल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. (कऱ्हाड गावाचा मात्र कुऱ्हाडीशी संबंध नाही, त्याचं जुनं नाव करहाटक.)

पण देव्हारा परशूला आणि शिव्या कुऱ्हाडीला, ही वाटणी काही मला पटत नाही. नोकरीवर येते ती कुऱ्हाड. अनुदानावर कोसळते ती कुऱ्हाड. स्वतःच्या पायावर मारून घेतो तीही कुऱ्हाडच. एका म्हणीत तेवढा न्याय झालाय: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. नुसतं पातं झाडाचं काय बिघडवणार? त्याच्या भोकात लाकडाचा दांडा बसतो, सैल राहिला तर वरून पाचर ठोकतात, आणि तीही बहुधा लाकडाचीच. म्हणजे एक घरभेदी डळमळायला लागला की त्याला घट्ट करायला दुसरा हजर! ज्याने ही म्हण केली त्याने कुऱ्हाड नुसती पाहिली नसेल, हातात धरली असेल.

आदर्श गावांच्या पंचसूत्रीत तर ‘कुऱ्हाडबंदी’ असं कलमच आहे. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी यांच्या रांगेत बिचारी कुऱ्हाड. बंदी खरी उभी झाडं तोडण्यावर, नाव मात्र हिचं. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारचे डोंगर त्या बंदीने हिरवे झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘परशुबंदी’ म्हणायची कुणाची छाती झाली असती का?