न पेटणारा गीझर : आमची वाटचाल

लालबागमधील एका चाळीच्या जिन्याखाली स्टोव्ह आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करण्यापासून आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. 1995 मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षांत मुंबईच्या एकेका भागात स्वयंपाकघरापर्यंत पाइपने गॅस येऊ लागला, तसे आमच्या कामाचे स्वरूप पालटले. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलीबार दाबाने येतो, पाइपचा गॅस 21 मिलीबारच्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानात पाइपच्या गॅसमध्ये उष्णता बरीच कमी असते. त्यामुळे जोडणी बदलली की जेटही, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी, मोठ्या छिद्राचे लावावे लागते. जेट जुनेच राहिल्याने नीट न पेटणारे गीझर आमच्याकडे येऊ लागले आणि पाहता पाहता गीझर हेच आमचे मुख्य काम झाले.

सुरुवातीच्या काळातील एक चूक येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. एका घरातील गीझर काही मिनिटांत बंद पडत असे. आमच्या कारागिराने अतितापापासून संरक्षण देणाऱ्या थर्मोस्टॅटच्या दोन तारा थेट एकमेकींना जोडून दिल्या. गीझर चालू झाला, ग्राहकही समाधानी झाले. संध्याकाळी त्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा मी त्याच पावली त्याला घेऊन त्या घरी गेलो. आतील तांब्याच्या पत्र्यांमध्ये काजळी साचली होती, जळलेला वायू वर निघून जात नव्हता आणि म्हणूनच गीझर तापून बंद पडत होता. म्हणजे यंत्र आपले काम चोख करत होते आणि आम्ही त्याचेच तोंड बंद केले होते. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. सुरक्षेचा कोणताही भाग वळसा घालून चालवायचा नाही, हा नियम त्या दिवसापासून आमच्याकडे आहे आणि त्याला अपवाद नाही.

गीझर पेटण्याचा क्रम ठरलेला असतो, आणि तो मनात पक्का असेल तर बहुतेक वेळा पान्याला हात न लावताच दोष कुठे आहे ते उमगते. नळ उघडला की वाहत्या पाण्याचा दाब डायफ्रॅमला, म्हणजे रबरी पडद्याला, ढकलतो, त्याला टेकलेली पिन मायक्रोस्विच दाबते, दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालणारी पेटी टिकटिक करत ठिणगी पाडते, सॉलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, गॅसचा मार्ग उघडतो आणि ज्योत लागल्याचे सेन्सरच्या काडीला कळले तरच तो मार्ग उघडा राहतो. टिकटिक ऐकूच येत नसेल तर दोष पाण्याकडे, स्विचकडे किंवा सेलकडे असतो. टिकटिक होते पण ज्योत लागत नाही, अशा वेळी गॅसचा कॉक, सॉलेनॉइड आणि जेट तपासावे. ज्योत लागून काही क्षणांत विझत असेल तर आम्ही प्रथम सेन्सरची काडी बारीक पॉलिश कागदाने पुसतो. तिच्यावर काजळीचा पातळ थर असला तरी पेटीला ज्योत दिसत नाही.

मुंबईत पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा. दहा मीटर उंचीवरून उतरणारे पाणी सुमारे एक बार दाब देते, पण वरच्या मजल्यावरचे घर गच्चीवरील टाकीच्या अगदी खाली असल्याने तेथे दोन-तीन मीटरचीच उंची मिळते आणि डायफ्रॅम हलतच नाही. अशा घरात नवी पेटी बसवणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणे होय. प्रेशर पंप हाच तेथे उपाय. सोसायटीने टाकी धुतल्यानंतरच्या दोन दिवसांत तर आमचा फोन थांबत नाही, कारण ढवळलेला गाळ गीझरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतो. समुद्रालगतच्या वस्त्यांत सेलच्या डब्यातील पट्ट्या पावसाळ्यात हिरव्या पडतात, हेही नित्याचेच.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि कोणाच्या घरी जाणे शक्य राहिले नाही. तेव्हा आम्ही हाच क्रम फोनवरून सांगू लागलो. ‘काकू, नळ पूर्ण उघडा आणि टिकटिक ऐकू येते का ते सांगा,’ एवढ्या प्रश्नावर कितीतरी घरांत गरम पाणी सुरू झाले. मात्र गॅसचा वास येत असल्यास कॉक बंद करून, खिडक्या उघडून, विजेच्या बटणाला हात न लावता गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, याखेरीज आम्ही दुसरे काही सांगत नसू.

दादरच्या एका जुन्या ग्राहकांची मुलगी कॅनडात राहते. हिमवादळानंतर तिच्या घरातील फर्नेस, म्हणजे घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी, सुरू होईना, तेव्हा त्यांनी तिचा व्हिडिओ कॉल मला जोडून दिला. ते यंत्र मी हाताळलेले नव्हते, परंतु क्रम ओळखीचा होता : खोलीचे तापमान पाहणाऱ्या थर्मोस्टॅटने हाक दिली की धूर ओढणारा लहान पंखा फिरतो, प्रेशर स्विच ती ओढ जाणवल्याची खात्री करतो, मग पेटवणारी काडी तापते आणि नंतरच गॅस सुटतो. तिच्याकडे पंखा फिरत होता, पुढे काहीच होत नव्हते. धूर बाहेर जाणारा पाइप भिंतीबाहेर कोठे निघतो, असे मी विचारले. तो बर्फाखाली गाडला गेला होता. बर्फ फावड्याने दूर केल्यावर फर्नेस सुरू झाली. धूर कोंडला असताना न पेटून तिने घरातील माणसांचेच रक्षण केले होते. तो प्रसंग मी आमच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो. अपुऱ्या हवेत जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नाही आणि रंगही नाही. म्हणून बंद न्हाणीघरात बसवलेला गीझर आम्ही दुरुस्त करत नाही. परळमधील एका गृहस्थांना गेल्या पावसाळ्यात असाच नकार दिला तेव्हा ते नाराज झाले होते. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. गीझर त्यांनी हवेशीर बाल्कनीत हलवून घेतला होता, पण तो अजून पेटत नव्हता. आम्ही जाऊन सेलच्या डब्यातील गंज खरवडला, दोन नवे सेल घातले आणि नळ उघडला.