केरिसची मूठ

आज इंडोनेशियातल्या योग्यकार्ताच्या सोनोबुदोयो संग्रहालयात केरिस, म्हणजे तिथले पारंपरिक खंजीर, बघितले. बाकीचे नागमोडी पात्यांपुढे गर्दी करून उभे. मी मात्र मुठींपाशीच रेंगाळले. जावाची मूठ बहुधा लाकडाची, साधी, किंचित पुढे झुकलेली. बालीत तिचाच सोन्याने मढवलेला, खडे जडवलेला देव किंवा राक्षस होतो. सुलावेसी बेटावरच्या बुगी लोकांची पक्ष्याच्या डोक्यासारखी वळलेली.

मूठ हस्तिदंताची की हाडाची? एका जाणत्या काकांनी टॉर्च लावून समजावलं. हाडावर बारीक काळपट ठिपके नि रेघा असतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची सुरेख जाळी. किती वेळ बघत बसले! पण नुसत्या मुठीवरून केरिसचं वय ठरवू नका. जुन्या पात्याला नवी मूठ सर्रास बसवतात.