बॅनरवरच्या तीन ओळी

गणपतीच्या आधी आमच्या फ्लेक्सच्या धंद्यात मान वर करायला वेळ नसतो, मशीन रात्रभर चालू, दुकानभर सॉल्व्हंटचा वास आणि येईल त्याला बॅनर आत्ताच्या आत्ता पाहिजे. अशाच एका संध्याकाळी नाशकातल्या शालिमारजवळच्या आमच्या दुकानात एका मंडळाचा कार्यकर्ता आला, जुनं गिऱ्हाईक, वय असेल बावीस-तेवीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मॅटर टाकलं आणि म्हणाला, "शेठ, वीस बाय दहा, सकाळी लावायचाय."

वर नेत्यांची मुंडकी, खाली मंडळाच्या पोरांची, ते नेहमीचंच (कोणाचा फोटो कोणापेक्षा मोठा यावरून होणारी भांडणं हा वेगळाच विषय आहे). मधे तीन ओळी होत्या. पहिलीत सरकारच्या एका निर्णयावर टीका, चांगली झणझणीत. दुसरीत एका समाजाच्या खाण्यावरून न् कपड्यांवरून टिंगल, वाचून किळस यावी अशी. आणि तिसरीत, यांच्या गाडीवरून काही घेऊ नका, गल्लीत दिसले तर धडा शिकवा. गल्लीचं नाव पण दिलेलं.

डिझायनर कोरलमधे टाईप करता करता थांबला न् माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, भाऊ हे आपण नाही छापत.

तर तो म्हणतो, "अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे ना शेठ? इंग्रजांसारखं नका करू. याच नाशकात कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना काळं पाणी झालं होतं."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. १९०९ ची जन्मठेप ती, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला इथंच विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. म्हणजे छापणाऱ्याला काळ्या पाण्यावर पाठवून गावात शांतता झाली असं काही नाही. मला पटकन उत्तर सुचेना, खरं सांगतो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब व्हिजिटिंग कार्ड न्यायला आले. सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात आयुष्य गेलेला माणूस, चष्मा वर करून स्क्रीनमधे डोकं घातलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. "पहिली छाप बिनधास्त. दुसरी घाण आहे, पण घाण बोललं की दर वेळी गुन्हा होतोच असं नाही, हेतू बघावा लागतो, त्यावर वाद होईल. तिसरी मात्र सरळ चिथावणी. २०१५ साली आयटी कायद्यातलं ऑनलाइन पोस्टवरचं ६६ अ कलम उडवताना सुप्रीम कोर्टानं हाच फरक केलाय, चर्चा वेगळी, एखादं मत हिरिरीनं मांडणं वेगळं आणि भडकवणं वेगळं."

पोरगं म्हणे अमेरिकेत तर काहीही बोलता येतं. साहेब हसले. म्हणाले, तिथं १९६९ साली कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेच्या पुढाऱ्याची शिक्षासुद्धा रद्द झाली, पण लगेच हिंसा घडवून आणायला म्हणून चिथावलं आणि ती घडण्यासारखी असली तर तिथंही सुटका नाही. आपल्याकडं तर घटनेच्या १९(२) मधे सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी हे सरळ लिहिलेलंच आहे. मग माझ्याकडं वळून, "समाजासमाजांत वैर पसरवण्याचं कलम, पूर्वीचं दंड संहितेचं १५३ अ, आता न्याय संहितेचं १९६. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. बोललेलं, लिहिलेलं, चित्र, खुणा सगळं येतं त्यात, छापणारा पण अडकू शकतो."

मी विचारलं, मग दुसरी ओळ? तर म्हणे, "तू ती छापलीच पाहिजे असं कोणता कायदा म्हणतो?"

हे मला एकदम पटलं. कारण मला दुसऱ्या ओळीसाठी कोणी जेलात जावं असं अजिबात वाटत नाही. २०१२ ला पालघरच्या त्या दोन पोरींचं काय झालं आठवतं का, एकीनं मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट टाकली, दुसरीनं नुसतं लाईक केलं, दोघींना अटक. कायदा एवढा मोघम ठेवला की तो आधी असल्यांवरच पडतो, चिथावणाऱ्यावर नाही. पण म्हणून माझ्या मशीनवर, माझ्या शाईनं कोणाच्या आईबापाच्या कपड्यांची टिंगल निघायला पाहिजे असंही नाही ना. सरकारनं बंदी घालणं वेगळं, मी नाही म्हणणं वेगळं.

पोरानं तिसरी ओळ स्वतःच काढायला सांगितली, साहेबांच्या त्या तीन वर्षांनी काम केलं असणार. दुसरीवर मात्र अडून बसला. मीही अडलो. शेवटी चिडून म्हणाला, दुसरीकडं छापतो, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो बॅनर लागला. पहिली ओळ होती, दुसरीही होती, तिसरी नव्हती. मेव्हण्याचा जीव दोनशे फुटांच्या बिलात अडकलेला, तो म्हणे आता कंप्लेंट तरी ठोक. मी म्हटलं नाही, तिसरी ओळ असती तर मीच पहिला भद्रकाली पोलीस स्टेशनला गेलो असतो, दुसरीसाठी नाही जाणार. त्यावर घरात अजून वाद चालू आहे. आणि त्या मंडळाकडं मागच्या वर्षीची उधारी बाकी आहे ती वेगळीच, ती मागायला पण मलाच जायचंय.